वास्तुकलेच्या मुलांनो, टेप घ्या आणि गावाकडे या

दर वर्षी बारावीचे, म्हणजे आपल्याकडच्या सेकंड पीयूसीचे निकाल लागले आणि 'नाटा'चे गुण हाती आले, की मला आपल्या भागातून फोन यायला लागतात. राजेश्वर, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, कधी आळंद. बोलणं साधारण एकच असतं. "दादा, पोरीला आर्किटेक्चरला घातलंय. पण खेड्यातून गेलेलं लेकरू. पुण्या-मुंबईच्या पोरांना जे प्रॅक्टिकल बघायला मिळतं ते हिला कुठून मिळायचं? सुट्टीत तिकडंच ठेवावं का एखाद्या मोठ्या ऑफिसात?"

काही फोन वेगळेही असतात. "आर्किटेक्चर म्हणजे वास्तुशास्त्रच ना? मग आमच्या स्वयंपाकघराची दिशा जरा बघून सांग की!" त्यांना मी सांगतो, दिशा बघतो, पण उन्हाची आणि वाऱ्याची. बाकीच्यासाठी दुसरा माणूस बघा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र फोनवर मावत नाही, म्हणून हा लेख. मी स्वतः राजेश्वरचा. व्यवसायानं वास्तुविशारद, आणि गेली काही वर्षं सुट्टीत गावी येताना दोन-चार विद्यार्थ्यांना सोबत आणतो. त्या अनुभवावरून ठाम सांगतो, की वास्तुकलेच्या मुलांना हाताने शिकण्यासारखं जे जे लागतं, त्यातलं बरंचसं आपल्या सीमाभागात, सकाळी निघून रात्री घरी परतता येईल इतक्या अंतरावर आहे. आणि त्या शिकण्याची गरज मुलांपेक्षाही आपल्या गावांना जास्त आहे. ती का, हे पुढे येईलच.

आधी अभ्यासक्रमाविषयी थोडं

ज्यांच्या घरात हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बी. आर्क. हा पाच वर्षांचा, दहा सत्रांचा अभ्यासक्रम. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने स्थापन झालेली 'काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर' त्यावर देखरेख करते. पदवीनंतर तिथे नाव नोंदवल्याशिवाय स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. अभ्यासक्रमात एक पूर्ण सत्र प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचं असतं. मूल एखाद्या वास्तुविशारदाच्या हाताखाली काम करतं. आपल्या भागात कलबुर्गीच्या पीडीए अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुकलेचा विभाग आहे. बरीच मुलं सोलापूर, पुणे, हैदराबाद, बेंगळुरूलाही जातात.

म्हणजे पाच वर्षांत हिशेबाचं 'प्रॅक्टिकल' एकच सत्र. त्यातही मुलांचा बराचसा वेळ संगणकासमोर जातो. मला भेटलेला एक मुलगा मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या ऑफिसात पूर्ण सत्र राहिला आणि त्या काळात एकदाही साइटवर गेला नाही. त्यानं स्नानगृहांच्या टाइल्सची ड्रॉइंग्ज काढली. टाइल्सची ड्रॉइंग्जही कुणीतरी काढावीच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण चुना कसा मळतात, वीट भिजवून का लावतात, ओळंबा कसा धरतात, हे त्याला पाचव्या वर्षीही माहीत नव्हतं. ही उणीव सुट्ट्यांनी भरून काढायची असते.

पहिली शाळा: आपलं माळवद

माझ्याकडे आलेल्या मुलांना पहिलं काम मी एकच देतो, ते म्हणजे एक जुनं घर मोजून कागदावर उतरवणं. यात नवीन काही नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत वास्तुकलेचे प्रमुख असलेल्या क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारतींची अशी मोजणी-चित्रं करून घेतली. १९३४ मध्ये निघालेलं त्यांचं भारतीय वास्तुरचनेवरचं पुस्तक अशाच चित्रांवर उभं आहे. जे हाताने मोजलं जातं ते डोक्यात राहतं, हा त्यामागचा साधा हिशेब.

साहित्य अगदी घरगुती. तीस मीटरची एक टेप, पाच मीटरची एक टेप, ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, सुतळी, खडू, आलेखाचा कागद आणि पेन्सिल. तीन जण असावेत. दोघांनी टेप धरायची, एकानं लिहायचं. खोलीच्या चार बाजू मोजून थांबायचं नाही, दोन्ही कर्ण मोजायचे, कारण जुन्या घरातली एकही खोली काटकोनात नसते आणि कर्णाशिवाय ती कागदावर बसत नाही. दरवाजाच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी घ्यायची. आतली सगळी मापं आणि भिंतींच्या जाड्या यांची बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळली नाही, तर कुठेतरी बुजवलेला कोनाडा, बळद किंवा फुगलेली भिंत आहे असं समजायचं.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आणि दोन मुलगे माझ्याबरोबर आले होते. आमच्या नात्यातल्या एका आज्जींचं घर मोजायला घेतलं. ढेलज, चौक, सोपा, माजघर असं नेहमीचं. दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. पहिला दिवस टेप धरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मी मुलीला माजघराच्या बाहेरच्या भिंतीला ओळंबा लावायला सांगितलं. वरून दोरी सोडायची आणि दर फुटाला भिंत दोरीपासून किती लांब आहे ते लिहायचं. वर चार बोटं, खाली चार बोटं आणि मधे भिंत दोरीला टेकलेली! तिनं दोनदा मोजलं. मग म्हणाली, "काका, दोरी अडकतेय." दोरी अडकत नव्हती. भिंतीला पोट आलं होतं. वरून सिमेंटचा गिलावा आणि निळा रंग असल्यामुळे कुणाला दिसत नव्हतं, इतकंच.

त्या भिंतीलगत आज्जींची खाट होती.

गावातले एक जुने गवंडी मामा आले. त्यांनी भिंतीवर हाताच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकून बघितलं. जिथे पोट होतं तिथे आवाज पोकळ येत होता. ते म्हणाले, "ही एक भिंत न्हाई लेकरांनो, दोन भिंती हायत. मधे भरताड." मग त्यांनी जमिनीवर दगड मांडून दाखवलं. आपल्याकडची दोन-अडीच फूट रुंद भिंत म्हणजे बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला एक थर आणि मधल्या पोकळीत लहान दगड आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड अधूनमधून घातलेला असला तर भिंत एक राहते. तो नसला आणि आत पाणी मुरलं, की मधली भर खाली बसते आणि दोन्ही थर एकमेकांपासून सुटायला लागतात. वर्गात या विषयावर एक तास झालाच असणार. पण मुलांच्या तोंडावरून कळत होतं, की तो तास त्यांना आज समजला.

मग छप्पर. माळवदाची रचना खालून वर अशी: खांब, तुळया, त्यावर आडवी किलचं, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला, मग माती आणि सगळ्यात वर पांढरी माती. दर एक-दोन पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी पांढरी टाकायची, हा रिवाज. जुनी मात्र कुणी काढत नाही. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानं टाकली. आम्ही एका कडेला छोटा खड्डा घेऊन जाडी मोजली, ती दोन फुटांना थोडी कमी भरली.

मी मुलांना हिशेब करायला सांगितला. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. कोरड्या मातीचं वजन घनमीटरला साधारण सोळाशे किलो धरलं, तरी ते साडेचार टनांच्या आसपास जातं. दोन फुटांना नऊ टन. पावसात भिजली की आणखी. आज्जी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "टन म्हंजी किती?" मुलानं सांगितलं, "एका टनात ज्वारीची दहा पोती, आज्जी." त्या वर बघून म्हणाल्या, "म्हंजी नव्वद पोती माझ्या डोक्यावर?"

किल्लारीचा धडा

हा हिशेब आपल्या भागात निव्वळ गणित नाही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं. किल्लारीचा धक्का आपल्याकडेही जाणवला होता आणि आपल्यापैकी अनेकांचे सोयरे त्या बाजूला होते. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातलेच तालुके. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडी जास्त होती. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ होतात. इतके बळी गेले ते मुख्यतः घरांमुळे. आरपार दगड नसलेल्या दुपदरी भिंती आणि त्यावर वर्षानुवर्षं साठलेली माती. म्हणजे वर सांगितलेल्या आज्जींचंच घर.

तिथे दुसरीही गोष्ट दिसली आणि ती मुलांनी आवर्जून अभ्यासावी. जिथे छपराचा भार भिंतींवर नसून लाकडी खांब आणि तुळयांवर होता, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या तरी छप्पर उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. खणांचं घर ही आपल्या सुतारांची जुनी रीत. तिच्यात काय चांगलं आणि काय अपुरं, हे समजून घ्यायला भूकंप-अभियांत्रिकीचे मोठमोठे ग्रंथ आधी लागत नाहीत. खांब आणि तुळई जिथे भेटतात तो जोड नीट बघायला लागतो. तो सांधा फक्त टेकवलेला आहे, की खिळा-कुसू घालून धरलेला? खांबापासून तुळईला तिरका आधार दिलेला आहे का?

मी मुलांना उमरग्यावरून किल्लारीला नेतो. भूकंपानंतर सुमारे पन्नास गावं नव्या जागी वसवली गेली. तिथली आखणी चौकोनी, रस्ते रुंद. आपल्या गावातली बोळ, पार, चौक यांची सवय असलेल्या माणसांनी त्या घरांचं पुढे काय केलं, तेही मोजण्यासारखं आहे. कुणी पुढे ओसरी काढली, कुणी मागे चूल, कुणी जनावरांसाठी पत्र्याचा सोपा. वास्तुविशारदानं काढलेला नकाशा एका रंगात आणि घरच्यांनी नंतर वाढवलेलं दुसऱ्या रंगात काढायला सांगितलं, की ग्राहकाला काय हवं असतं यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय मानक संस्थेची काही महत्त्वाची मानकं निघाली. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ क्रमांकाचं, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि मजबुतीकरण यासाठी १३९३५ क्रमांकाचं. पहिल्यात लिहिलेलं आहे, की दगडी भिंतीत दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवं जास्तीत जास्त १.२ मीटरवर आरपार दगड हवा. म्हणजे आपल्या भाषेत दर दोन फुटांवर आणि दर चार फुटांना. गवंडी मामांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या बापाचं मोजमाप हेच. पण लांब दगड महाग पडतो म्हणून मालक नको म्हणायचे."

"आपल्याकडे कुठं भूकंप होतो?" असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९९३ साली किल्लारीचा भाग सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या चिंचोळी तालुक्यात गडिकेश्वरच्या परिसरात एकामागून एक हादरे बसले, तेव्हा माणसं घर सोडून उघड्यावर झोपली होती.

आज्जींच्या घराचं पुढे काय झालं ते सांगतो. मुलांची ड्रॉइंग्ज घेऊन मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणलं. हे महत्त्वाचं आहे. मुलांनी मोजायचं, समजून घ्यायचं, पण दुरुस्तीचा निर्णय जाणत्या अभियंत्याचाच. त्यांनी आधी माती उतरवायला सांगितली. आज्जी तयार होईनात. "माती काढली तर ऊन खाली उतरंल. मे महिन्यात काय करू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जाड माळवदाइतकं थंड छप्पर नाही, आणि पत्रा टाकलेल्या शेजारच्या घरात दुपारी बसवत नव्हतं. वजन कमी करायचं आणि गारवाही राखायचा, हा प्रश्न मुलांनी दोन दिवस डोक्यात घोळवला. शेवटी थर सहा इंचांवर आणला, त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद, आणि वर ऊन परतवायला चुन्याचे पांढरे हात. पोट आलेली भिंत टेकू देऊन, थोडी थोडी उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा बांधली. पहिला लांब दगड गवंडी मामांनी त्या मुलीकडून बसवून घेतला. ते घर पहिल्याइतकं थंड राहिलं नाही, आज्जी ते ऐकवतात. पण खाट जिथे होती तिथेच आहे, आणि आता आम्हाला तिची काळजी नाही.

दुसरी शाळा: बिदर

बिदरला आपण सगळे सहलीला गेलेलो असतो. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यानं तिथे कमीत कमी तीनदा जावं.

एकदा फक्त दगडासाठी. बिदर जांभ्याच्या पठारावर बसलंय. जांभा खाणीत मऊ असतो, हत्यारानं कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. किल्ल्याच्या दक्षिणेला खडकात कोरलेला तिहेरी खंदक आहे. मी मुलांना खंदकाच्या काठावर उभं करून विचारतो, इथून निघालेला एवढा दगड कुठे गेला असेल? थोड्या वेळानं ती मान वर करून तटाकडे बघतात. साहित्य जागेवरच मिळवायचं म्हणजे काय, ते असं कळतं.

दुसऱ्यांदा महमूद गावानच्या मदरशासाठी. १४७२ ची ही तीन मजली विद्यापीठाची इमारत. व्याख्यानाची दालनं, ग्रंथालय, मशीद, विद्यार्थी आणि शिक्षकांच्या खोल्या, मधे मोठा चौक. बाहेरून सुमारे २०५ फूट बाय १८० फूट. सतराव्या शतकाच्या अखेरीला इथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि एक मोठा भाग, एका मिनारासह, नाहीसा झाला. विद्यार्थ्याला हेच उत्तम कोडं आहे. जे उरलंय ते मोजायचं आणि चौकाच्या समतोलावरून गेलेला भाग कागदावर उभा करायचा. नंतर गुलाम याझदानी यांच्या १९४७ च्या बिदरवरील ग्रंथातले नकाशे ग्रंथालयात शोधून आपलं काम ताडून बघायचं. आधी बघितलं तर मजा गेली! भिंतीवरच्या निळ्या-पिवळ्या चकचकीत फरशांचे जे तुकडे टिकलेत ते कोणत्या बाजूला जास्त टिकलेत, याची नोंद केली तर ऊन-पावसाचा आणखी एक धडा मिळतो.

तिसऱ्यांदा पाण्यासाठी. बिदरजवळ नौबादला बहमनी काळातली करेझ आहे. जमिनीखालून सौम्य उतारानं नेलेला बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतरानं उभी विवरं. वरचा जांभा पाणी मुरू देतो, खालचा काळा पाषाण अडवतो, आणि त्या दोहोंच्या जोडाशी साठलेलं पाणी पंपाशिवाय वाहत शहराकडे जातं. इराणातली विद्या आपल्या दगडाला जुळवून घेतलेली. वर्षानुवर्षं कचऱ्यानं बुजलेल्या या करेझेचा काही भाग अलीकडच्या काळात साफ झाला. विवरांचं अंतर वरून मोजावं, उतार पाण्याच्या नळीनं काढावा. आत उतरायचं मात्र नाही. हवा कशी असेल सांगता येत नाही.

तिसरी शाळा: जलसंगवी आणि कलबुर्गी

हुमनाबादजवळच्या जलसंगवीच्या चालुक्यकालीन देवळात लोक दगडात लेख कोरणारी सुंदरी बघायला जातात. मुलांनी ती बघावीच, पण नंतर खांबांकडे वळावं. कल्याणीच्या चालुक्यांची देवळं दगडावर दगड ठेवून, चुन्याशिवाय उभी केलेली आहेत. खांब, तुळई, छत सगळं वजनावर आणि खाचांवर पेललेलं. दोन खांबांमधलं अंतर मोजा आणि वरच्या दगडी तुळईची लांबी-जाडी मोजा. दगडाला ताण सोसत नाही म्हणून तो एवढा जाड आणि अंतर एवढं कमी, हे आपोआप ध्यानात येतं.

मग कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद, १३६७ ची. इथे नेहमीचा उघडा चौक नाही. सगळी इमारत छपराखाली आहे आणि रुंद, बुटक्या कमानींच्या रांगा दूरपर्यंत दिसतात. जलसंगवीत दगडाच्या लांबीनं अडवलेलं अंतर इथे कमानीनं सहज ओलांडलंय. चौकोनी खोलीवर गोल घुमट कोपऱ्यात कसा टेकतो, ते झोपून वर बघत चित्रात काढावं. दोन्ही जागा एकाच आठवड्यात बघितल्या, तर बांधकामाचा निम्मा इतिहास पाठ करावा लागत नाही.

एक व्यवहारी सूचना. यातल्या बऱ्याच वास्तू संरक्षित आहेत. नुसतं बघणं, हातानं चित्र काढणं यात अडचण नसते. पण तिवई लावून छायाचित्रण, ड्रोन किंवा रीतसर मोजणी करायची असेल तर महाविद्यालयाचं पत्र घेऊन पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी काढा. देवळात आणि मशिदीत पूजा-नमाजाच्या वेळा पाळा. तिथला रखवालदार हा पहिला शिक्षक समजा. कुठे पाणी गळतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चौथी शाळा: पायाखालची फरशी

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे, पण ती कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावानं ओळखली जाते हे तिथल्या मुलांना ठाऊक नसतं. आपल्या मुलांना ती खाण बघता येते. चुनखडीचे थर एकावर एक पानांसारखे कसे असतात, पहार लावून लादी कशी सुटते, कडा कशा घडवतात, घासाई कशी होते. त्याच पट्ट्यात सिमेंटचे कारखानेही आहेत. एकच चुनखडी, तिची एकीकडे लादी होते आणि दुसरीकडे भट्टीतून जाऊन सिमेंट. एका लादीचा खाणीपासून आपल्या सोप्यापर्यंतचा प्रवास लिहून काढा. खाणीत भाव किती, वाहतूक किती, तुटफूट किती, बसवणाऱ्याची मजुरी किती. अंदाजपत्रक हा विषय ज्यांना रुक्ष वाटतो त्यांनी हे जरूर करावं.

बाहेरगावी जायचंच असेल तर

सगळंच गावाजवळ मिळेल असं माझं म्हणणं नाही. काही ठिकाणं मुद्दाम जाऊन शिकण्यासारखी आहेत. ऑरोव्हिलची अर्थ इन्स्टिट्यूट मातीच्या दाबलेल्या विटा, कमानी आणि घुमट यांच्या कार्यशाळा घेते. केरळात लॉरी बेकर यांच्या सहभागातून १९८५ मध्ये सुरू झालेली 'कॉस्टफोर्ड' कमी खर्चाच्या घरांचं काम करते. भुजची 'हुन्नरशाला' २००१ च्या कच्छ भूकंपानंतर उभी राहिली. कारागिरांना गुरू मानून शिकण्याची तिथली पद्धत आहे. वारसा-संवर्धनात रस असेल तर १९८४ पासून काम करणारी 'इन्टॅक' आहे. विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना 'नासा इंडिया' वास्तूंच्या दस्तऐवजीकरणासाठी लुई कान यांच्या नावानं स्पर्धा घेते. आपल्या भागातल्या मुलांनी गट करून त्यात एखादं सीमाभागातलं गाव न्यावं, ही माझी जुनी इच्छा आहे.

प्रशिक्षणाचं ऑफिस निवडताना नावापेक्षा चार प्रश्न विचारा. आठवड्यातून किती दिवस साइटवर नेणार? एखादं काम पायापासून छपरापर्यंतच्या निदान दोन टप्प्यांत बघायला मिळेल का? गवंडी, सुतार, अभियंता यांच्या बैठकीत बसू देणार का? विद्यावेतन किती? लाजून चौथा प्रश्न गाळू नका. लहान शहरातलं चार माणसांचं ऑफिस पुष्कळदा जास्त शिकवतं, कारण तिथे हात कमी असतात आणि काम सगळ्यांना करावं लागतं. आणि रोज एक पान डायरी लिहा. आज काय बघितलं, काय समजलं नाही, उद्या कुणाला विचारायचं.

पालकांसाठी

मूल सुट्टीत घरी येऊन जुन्या भिंती मोजत बसलं, सुताराच्या दुकानात दिवस घालवायला लागलं, कपड्यांना चुना लावून आलं, तर रागावू नका. "एवढी फी भरून गवंडीकाम करतोस का?" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय! होय, थोडं गवंडीकाम करायचंच असतं. आणखी एक गोष्ट तुम्ही करू शकता. गावातला जुना गवंडी, माळवद घालणारा, खणांचं घर उभं करणारा सुतार, चुन्याची घाणी पाहिलेला माणूस कोण आहे, ते तुम्हालाच माहीत असतं. मुलाला त्यांच्यापर्यंत न्या, ओळख करून द्या, चहाला घरी बोलवा. ही माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत आणि त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरलेत.

आपल्या गावांत माळवदाखाली झोपणारी माणसं अजून आहेत. ती घरं पाडून स्लॅब टाकायची सगळ्यांची ऐपत नाही आणि सगळ्यांची तशी इच्छाही नाही. त्यांना ती घरं समजणारा, मराठीत आणि कन्नडात बोलणारा, भिंतीवर मूठ मारून आवाज ऐकणारा वास्तुविशारद लागणार आहे. तो बाहेरून येण्याची वाट बघण्यापेक्षा आपल्याच लेकरांतून घडवावा. येत्या सुट्टीत ज्यांना मोजणी शिकायची आहे त्यांनी राजेश्वरला जरूर यावं. टेप, ओळंबा आणि टोपी स्वतःची आणा. जेवण आमच्याकडे.